बिनगाठीची शिलाई

पावसाळा सरला की आमच्या लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीला मेंढरांचा वास यायचा. भिवा तांबे आपली जाकिटं माळ्यावरून उतरवून सावलीत टांगायचे. लढाईतल्या वैमानिकांची जाकिटं होती ती, जाड कातड्याची आणि आतून लोकर असलेली. जिना चढून येणारा प्रत्येकजण काहीतरी बोलायचाच.

"काय तांबे, मेंढरं चरून आली वाटतं?"

"आली ना. तुमचीच वाट बघतायत, भादरायला."

भिवाकाका मिलमध्ये रिंग खात्यात, सूतकताईला होते. पहिल्या पाळीला जायचे आणि दुपारी परत आले की गॅलरीत गोणपाट टाकून बसायचे. मी शेजारच्या खोलीतला. माटुंग्याला कापड-उद्योगाचं शिक्षण घेत होतो, त्यामुळे कुठलीही वस्तू दिसली की ती कशी बनली आणि कशासाठी बनली, हे विचारायची सवय लागलेली. पण या जाकिटांचं कोडं मला काही सुटत नव्हतं. ज्या गावात डिसेंबरातही माणूस नुसत्या गंजिफ्रॉकात झोपतो, तिथे हा माणूस असली जाकिटं जमवतो कशाला? अंगात कधी घालत नाही, विकतही नाही. एका खोलीत नवरा-बायको, भांडी, ट्रंका, नव्यानेच लावलेली बुद्धाची तसबीर, आणि माळाभर जाकिटं. कौसल्याकाकी म्हणायची, "आमच्या माळ्यावर पलटण राहते. भाडं तेवढं आम्ही भरतो."

जाकिटं यायची चोरबाजारातून. लढाई संपल्यावर सैन्याचा उरलासुरला माल लिलावात निघाला, तो डिस्पोजलचा माल म्हणून तिथल्या दुकानांत वर्षानुवर्षं पडून होता. पावसाळ्यात बुरशी धरून, उन्हात पापडासारखी कडक होऊन जाकिटं भिवाकाकांच्या हाती लागायची. मग ते लोकर रिठ्याच्या पाण्याने धुवायचे. कातड्याला मेण घातलेलं कोमट एरंडेल चोळायचे, एकदा नाही, आठवडाभर रोज थोडं थोडं. अडकलेल्या चेनवर पेन्सिलीचं शिसं घासायचे. सगळ्यात जास्त वेळ शिलाईला लागायचा. मधल्या काळात कुणा मोच्याने, कुणा शिंप्याने मारलेले टाके ते आधी उसवायचे आणि मूळच्या भोकांतूनच नवा दोरा घालायचे. एकही नवं भोक पाडायचं नाही, हा त्यांचा नेम.

"का पण?" मी विचारलं होतं.

"कापडाचं भोक धुतलं की बुजतं. कातड्याचं नाही बुजत रे."

हे मला पटलं. पण आणखी एक गोष्ट होती, ती पटत नव्हती. मी एक-दोनदा त्यांच्याबरोबर चोरबाजारात गेलो होतो. हुसेनभाई नावाचे दुकानदार जाकीट पुढे टाकायचे आणि भिवाकाका आधी ना कॉलर बघायचे, ना चेन. डाव्या बाहीत हात घालून ते ती उलटी करायचे, मनगटाजवळची शिवण बोटाने चाचपायचे, आणि मग बाही पुन्हा सुलटी करून भाव विचारायचे. दर वेळी असंच. हुसेनभाई हसून म्हणायचे, "देख लिया? सोना निकला?" चाळीतही तीच बोलवा होती, की गोरे लोक बाहीत गिन्न्या शिवून ठेवायचे आणि तांबे त्या शोधतायत.

एका दुपारी मी सरळच विचारलं. "भिवाकाका, डाव्या बाहीत काय असतं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग हातातला दोरा तोंडात ओला करून सुईत ओवला. "हे बघितलंस? दोरा तोंडात घातला. तुझ्या कॉलेजात विणकर खातं शिकवतात की नाही?"

"शिकवतात."

"तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागतो. म्हणून आपल्या माणसाला त्या खात्यात घ्यायचे नाहीत. आपलं तोंड लागलेला धोटा दुसरा कसा तोंडात धरणार? मला विणकाम शिकायचं होतं. नाही घेतलं. मग डोक्यात राख घालून लष्करात नाव दिलं."

लष्कराने त्यांना आसामच्या बाजूला एका विमानतळावर धाडलं. तिथे विमानांच्या दुरुस्तीत एक कापडखातं होतं. मला वाटत होतं की विमान म्हणजे सगळं पत्रा. पण त्या वेळच्या काही लढाऊ विमानांचा मागचा अर्धा भाग कापडाचा असायचा, वर घट्ट रोगण चढवलेला. गोळ्यांनी तो फाटला की हे लोक ठिगळ लावायचे. त्याशिवाय हवाई छत्र्या, पट्टे आणि वैमानिकांची जाकिटं. भिवाकाकांच्या एका बाजूला ॲन्थनी नावाचा मद्रासी बसायचा, दुसऱ्या बाजूला एक पंजाबी. मेण लावलेल्या दोऱ्याचं रीळ तिघांत एक.

"तिघं एकाच रिळाचा दोरा तोंडात धरायचो. कुणी कुणाला विचारलं नाही. दोन वर्षं." एवढं बोलून ते पुन्हा शिवणीकडे वळले.

त्यांच्या आईने गावाकडे जन्मभर गोधड्या शिवल्या होत्या. गोधडीला ती कधी गाठ मारत नसे, कारण गाठ झोपलेल्या पोराला टोचते. शेवटी ती तीन टाके उलट फिरायची आणि दोऱ्याचं टोक दोन थरांत लपवून टाकायची. भिवाकाकांचा हात तसाच वळलेला. विमानतळावरच्या गोऱ्या सार्जंटने आधी आरडाओरडा केला, कारण नियमात गाठ होती. मग त्याने शिवण ओढून पाहिली, ती सुटेना, तेव्हा तो पुढे निघून गेला.

"एका संध्याकाळी एक पायलट आला. पोरगाच, मिसरूड नुकतं फुटलेलं. डावी बाही मनगटाजवळ फाटलेली. म्हणाला, गोळी चाटून गेली, सकाळपर्यंत पाहिजे. मी मराठीत विचारलं, साहेब कुठले? तर एवढा खूष झाला! दादरचा. पोर्तुगीज चर्चच्या मागे, खाली छत्रीवाल्याचं दुकान, वर त्यांचं घर. हेरंब चौबळ. तिथेच स्टुलावर बसून राहिला, मी शिवेपर्यंत. त्याच्या घरची आंबाडीची भाजी कशी असते ते सांगत. गाठ मारली नाही म्हणून विचारलं, तर मी आईचं सांगितलं. तो म्हणाला, चला, आज गोधडी घालून उडतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी हेरंब उडाला. त्याच दुपारी भिवाकाकांचं अख्खं खातं ट्रकमध्ये भरून दुसऱ्या तळावर हलवलं. तो परतला की नाही, हे त्यांना कधीच कळलं नाही.

"जे परत आले नाहीत, त्यांची जाकिटं त्यांच्याबरोबरच गेली. बाजारात जे येतं ना, ते खाली उतरलेल्या माणसाच्या अंगावरचं असतं. बिनगाठीची डावी बाही सापडली, की समजायचं तो उतरला."

माझ्या डोक्यात लगेच शंका आली. "आणि तो उतरला, पण जाकीट घरी घेऊन गेला असला तर?"

"सरकारी माल तो. जमा करावा लागतो."

"पण पत्ता माहीत आहे, तर दादरला जाऊन विचारायचं की."

आतून कौसल्याकाकीचा आवाज आला. "बारा वर्षं मी तेच सांगतेय, माधव. दादर काय विलायतेत आहे? पण हे त्या छत्रीवाल्याच्या समोरच्या फुटपाथवरून जातात. खालून वर बघतात आणि परत येतात."

भिवाकाकांनी सुई गोणपाटात खोचली. मग म्हणाले, "दार वाजवायचं आणि विचारायचं, तुमचा मुलगा आहे का? आणि नसला, तर त्याच्या आईसमोर मी उभा कसा राहू?"

हे सगळं अठ्ठावन्न सालचं. मधल्या धामधुमीतली एक गोष्ट इथे सांगायला हवी. छप्पन साली संयुक्त महाराष्ट्राची चळवळ भरात असताना दुसऱ्या मजल्यावरच्या जयवंतने कलापथक काढलं होतं. त्यांच्या वगात दिल्लीहून विमानाने येणारा एक गोरागोमटा साहेब होता, मुंबई खिशात घालून न्यायला आलेला. जयवंत जाकीट मागायला वर आला.

"तांबे, एक द्या की. आपल्याच कामाला."

"मोर्चाला बोलाव, येतो. जाकीट नाही. माणसं ते घालून मेलीत. त्याची नक्कल नाही करायची."

"अहो, नक्कल साहेबाची आहे."

"मग त्याला कोट घाल."

शब्दाने शब्द वाढला आणि बोलणं बंद झालं. पुढे सत्याग्रहात भिवाकाका पकडले गेले, दोन महिने ठाण्याच्या तुरुंगात होते. सुटून आले तरी दोघांचा अबोला तसाच. एकाच मोर्चात एकच घोषणा द्यायचे, पण एकमेकांकडे न बघता.

एकोणसाठच्या हिवाळ्यात एका शनिवारी संध्याकाळी भिवाकाका माझ्या दारात उभे राहिले. हातात चादरीत गुंडाळलेलं गाठोडं. कौसल्याकाकी बहिणीच्या बाळंतपणाला पनवेलला गेली होती.

"माधव, जरा ये."

त्यांनी दिवा लावला आणि जाकीट पसरलं. डावी बाही उलटीच होती. मनगटापासून वर वीतभर शिवण, टाके बारीक आणि सारखे. त्यांनी माझं बोट धरून शेवटच्या टोकावर ठेवलं. तिथे गाठ नव्हती. तीन टाके उलट फिरून दोरा कातड्याच्या दोन थरांत गेला होता. दोराही तोच, मेण लावलेला, लढाईतला. तसल्या दोऱ्याचा एक डबा त्यांनी लष्करातून सुटून येताना आणला होता, त्यातला दोरा काढून त्यांनी शेजारी धरला. दोन्हींत मला काडीचा फरक दिसला नाही.

"उतरला तो," भिवाकाका म्हणाले.

मी बाकीचं जाकीट बघत होतो. कॉलरच्या लोकरीला गुलाबीसर पांढरं काहीतरी चिकटलं होतं. नखाने खरवडलं तर तेलकट लागलं.

"हे काय असेल?"

"वर हाडं गोठवणारी थंडी असते. तोंडाला मलम फासतात." मग ते एकदम म्हणाले, "उद्या रविवार आहे. दादरला जाऊन त्याचं त्याला देऊन येऊ."

दुसऱ्या दिवशी ते परीटघडीचा सदरा घालून तयार होते. आम्ही ट्रामने दादरला उतरलो. त्या दिवशी ते समोरच्या फुटपाथने गेले नाहीत. छत्रीवाल्याच्या दुकानाशेजारच्या जिन्याने सरळ वर चढले आणि चौबळ अशी पाटी असलेलं दार वाजवलं. दार एका उंच, शिडशिडीत म्हाताऱ्या गृहस्थांनी उघडलं. त्यांना घरात अप्पा म्हणतात हे नंतर कळलं.

भिवाकाकांनी गाठोडं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. शेवटी मीच म्हणालो, "हेरंब चौबळ इथेच राहतात का?"

"राहतो की. झोपलाय. रविवार ना आज," अप्पा म्हणाले. "विम्याचं काही आहे का? हप्त्याचं असेल तर ऑफिसात भेटा."

भिवाकाका जिन्याच्या वरच्या पायरीवर खाली बसले. गाठोडं मांडीवर घेऊन. अप्पा घाबरले. "अहो, काय झालं? पद्मजा, पाणी आण गं."

पाणी घेऊन हेरंबच्या पत्नी पद्मजाबाई आल्या, आम्हाला आत बसवलं. मग डोळे चोळत, लुंगी आवरत हेरंब बाहेर आले. मिसरूड फुटलेला पोरगा मी मनात धरून बसलो होतो. समोर चांगलं पोट सुटलेला, टक्कल पडू लागलेला माणूस होता. भिवाकाका उभे राहिले, आपण कोण ते सांगितलं, आसामचं नाव काढलं, बाहीचं सांगितलं.

हेरंब त्यांच्याकडे बघत राहिले. "चेहरा आठवत नाही हो, खोटं कशाला सांगू. पण तो गोधडीवाला आठवतो. ते तुम्ही?"

"मीच साहेब. तुमचं जाकीट आणलंय."

चादर सोडली. हेरंबनी जाकीट उचललं, एक हात बाहीत घातला. दंड अर्ध्यातच अडकला. पद्मजाबाई पदराआड हसल्या. "विम्याच्या ऑफिसात बसून बसून झालंय ते."

"पण हे माझं नाही," हेरंब म्हणाले.

"नाही कसं? शिवण बघा ना."

"अहो, माझं इथेच आहे." त्यांनी खुंटीकडे बोट दाखवलं. तिथे छत्रीशेजारी मेंढीच्या कातड्याचं तस्संच एक जाकीट लटकत होतं. "मी जमा केलंच नाही. हरवलं म्हणून सांगितलं, पगारातून कापून घेतलं त्यांनी. आता अप्पा घालतात. थंडीत पहाटे शिवाजी पार्कला फिरायला."

"अख्ख्या पार्कात कुणाकडे नाही असलं," अप्पांनी जाकीट काढून भिवाकाकांच्या हातात दिलं आणि डाव्या बाहीवर बोट ठेवलं. "इथून गोळी गेली. रोज एकजण तरी विचारतो."

भिवाकाकांनी बाही उलटी केली. शिवणीवरून बोट फिरवलं, तीन टाके मागे, टोक आत. जाकिटाची काळजी कुणीच घेतली नव्हती. कोपरं तडकली होती, चेन अर्ध्यातून तुटलेली, खिशाला भोक. ती शिवण तेवढी जशीच्या तशी होती.

"हो," ते अप्पांना म्हणाले. "मीच शिवली."

चहा झाला, पोहे झाले. मुंबई आता मिळणार असं अप्पा म्हणाले आणि त्यावर थोडं बोलणं झालं. निघताना भिवाकाकांनी खुंटीवरचं जाकीट मागून घेतलं, नीट करून आणून देतो म्हणाले. महिना लागेल.

"थंडी सरायच्या आत द्या बुवा," अप्पा म्हणाले. "पार्कात विचारतील."

हेरंब खालपर्यंत सोडायला आले. छत्रीवाल्याच्या दारात थांबून हळूच म्हणाले, "तांबे, ती गोळी. तेव्हा तुम्हाला मी जे सांगितलं..."

"खिळा होता साहेब. लोकरीला गंज लागला होता."

"मग बोलला का नाहीत?"

"सकाळी उडायचं होतं तुम्हाला. म्हटलं, असू दे गोळी."

हेरंब मोठ्याने हसले. मग भिवाकाकांचा हात दोन्ही हातांत धरून उभे राहिले, बराच वेळ, येणाऱ्याजाणाऱ्यांना वळसा घालून जावं लागेपर्यंत.

परतीच्या ट्राममध्ये भिवाकाकांच्या मांडीवर दोन जाकिटं होती. लालबाग येईपर्यंत ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलत होते. हेरंबचं सापडलं, बरं झालं. पण मग हे दुसरं कुणाचं? तळावर बिनगाठीचं शिवणारा दुसरा कुणी नव्हता. आपणच कधी शिवलं आणि विसरलो? मी म्हटलं, ॲन्थनी तुमचं बघून शिकला असेल. ते म्हणाले, ॲन्थनी दुहेरी गाठ मारायचा, वर पुन्हा दातांनी ओढायचा.

खोलीत दिवा लागलेला होता. कौसल्याकाकी पनवेलहून आली होती आणि भात लावत होती. भिवाकाकांनी चपला काढायच्या आधीच सगळं सांगितलं. हेरंब आहे, जाडा झालाय, जाकीट बाप घालतो. ती ऐकता ऐकता स्टोव्ह बारीक करून पुढे आली. "बघा. किती वर्षं सांगत होते." मग तिची नजर दुसऱ्या जाकिटावर गेली. "हे इथे कसं आलं?"

"हेच तर कोडं आहे. हुसेनभाईकडे मिळालं. शिवण माझी आहे, पण मी शिवल्याचं आठवत नाही."

"तुम्ही कुठून शिवणार? तुम्ही ठाण्याला होता." ती पदराने हात पुसत म्हणाली. "हे जयवंताचं. तुम्ही दिलं नाहीत, म्हणून त्याने बाजारातून स्वतः घेतलं. नरे पार्कात वग रंगला आणि लोकांनी साहेबाला बाहीला धरून स्टेजवरून खाली ओढला. बाही फाटली. दुसऱ्या दिवशी परत खेळ होता. आला बिचारा रडकुंडीला. तुमच्या डब्यातला दोरा घेतला आणि दिली शिवून. तुमच्या आईने मला पहिल्या वर्षी दुसरं काय शिकवलं? गोधडीच ना?"

"आणि मला बोलली नाहीस?"

"तुमचा अबोला होता. मी त्यात कशाला पडू? पथक मोडलं तेव्हा विकलं असेल त्याने."

मी कॉलर पुढे ओढली. "काकी, हे गुलाबी काय आहे?"

"सफेदा. जयवंत किती काळा आहे ते ठाऊक आहे ना? साहेब करायला त्याला कॉलरीपर्यंत रंगवायचे."

भिवाकाका गोणपाटावर बसले आणि हसायला लागले. मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ते हसले. मग डोळे पुसून त्यांनी कौसल्याकाकीने शिवलेली बाही पुन्हा उलटी केली, दिव्याजवळ धरली.

"हा टाका मोठा झालाय. इथे. आणि हा."

"बाहेर माणूस उभा होता. घाई होती." ती परत स्टोव्हकडे वळली. "उसवा. तुम्ही सगळ्यांचं उसवताच."

"हे राहू दे," ते म्हणाले. बाही सुलटी करून त्यांनी मला विचारलं, "जयवंत घरी असेल का रे आता?"

मी म्हटलं, असेल. ते जाकीट काखोटीला मारून दुसऱ्या मजल्यावर गेले. भात निवला तरी परत आले नाहीत. खालून दोघांच्या हसण्याचा आवाज येत होता.

अप्पांचं जाकीट महिन्याच्या आतच तयार झालं. सगळं उसवून पुन्हा शिवलं, फक्त डावी बाही सोडून. ते पोचवून आल्यावर मला वाटलं, आता चोरबाजार बंद होणार. कौसल्याकाकीलाही तसंच वाटलं असावं, कारण तिने माळ्याकडे बघून लोणच्याच्या बरण्यांची जागा ठरवायला सुरुवात केली होती. पण पुढच्याच शुक्रवारी पाळी सुटल्यावर भिवाकाका मला म्हणाले, येतोस का.

हुसेनभाईंनी जाकीट पुढे टाकलं. भिवाकाकांनी डाव्या बाहीत हात घातला.

"आता काय शोधता?" मी विचारलं.

त्यांनी बाही उलटी केली. शिवणीच्या टोकाला गाठ होती, जाड, दुहेरी. आजवर असल्या किती गाठी त्यांनी कापून फेकल्या असतील. या वेळी त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, गाठ उजेडात धरली आणि दोऱ्याचं चपटं झालेलं टोक मला दाखवलं.

"दातांनी ओढलीय," ते म्हणाले. "कोण जाणे. ॲन्थनीची असेल."